खासगी मालकाकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली तर दाद कशी मागावी

खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीचे इंजिन महिनाभरात बसले, एवढ्या एकाच गोष्टीवरून विक्रेत्याला जबाबदार धरता येत नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे लागते. भारतातील मालविक्री कायदा, १९३० याच्या कलम १६ नुसार विकलेली वस्तू चांगल्या दर्जाची आहे किंवा विशिष्ट कामासाठी योग्य आहे, अशी गर्भित (म्हणजे न बोलताही गृहीत धरलेली) हमी सर्वसाधारणपणे नसते. या नियमाला जे मुख्य अपवाद आहेत ते त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्याला लागू होतात. आपली जुनी गाडी एकदाच विकणारा नोकरदार किंवा निवृत्त गृहस्थ हा व्यापारी नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध ‘माल निकृष्ट निघाला’ ही तक्रार फार पुढे जात नाही.

याचा अर्थ खरेदीदाराच्या हातात काहीच नसते असा मात्र नाही. विक्रेत्याने जे सांगितले ते खोटे होते, जे लपवले ते जाणूनबुजून लपवले, किंवा जी गाडी विकली ती विकण्याचा त्याला अधिकारच नव्हता, हे दाखवता आले तर कायदा खासगी विक्रेत्यालाही सोडत नाही. म्हणून तक्रारीची मांडणी ‘गाडी खराब आहे’ या वाक्याने करू नये. ‘गाडीबद्दल मला अमुक सांगण्यात आले, त्यावर विश्वास ठेवून मी पैसे दिले आणि ते सांगणे असत्य होते’ अशी ती करावी. पुढची सगळी खटपट या एका वाक्यातील तीन भाग सिद्ध करण्यासाठी असते.

विक्रेता खरोखर खासगी आहे का

ही तपासणी आधी करावी, कारण उत्तरानुसार रस्ता बदलतो. जुन्या गाड्यांचा धंदा करणारे कित्येक जण ‘घरची गाडी आहे’, ‘मेव्हण्याची गाडी आहे, तो परदेशी गेला’ असे सांगून स्वतःला मालक म्हणून पुढे करतात. त्याच मोबाइल क्रमांकावरून आणखी चार गाड्यांच्या जाहिराती दिसत असतील, आरसीवरचे नाव भलत्याचे असेल आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यावर मागितले असतील, तर समोरचा माणूस व्यापारी असण्याची शक्यता मोठी. अशा जाहिरातींचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावेत, कारण वाद सुरू झाला की त्या नाहीशा होतात. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार नोंदणीकृत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला परिवहन खात्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये ऑनलाइन द्यावी लागते. या नियमांना फाटा देऊन चाललेला व्यवहार उघडकीस आला, तर तोही मुद्दा आपल्याच बाजूचा ठरतो.

विक्रेता व्यापारी निघाला, किंवा व्यवहारात पैसे घेऊन गाडीची तपासणी करणारी अथवा मध्यस्थी करणारी कंपनी असेल, तर तिच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तेथे दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. शुद्ध खासगी विक्रेत्याविरुद्ध मात्र हा दरवाजा बहुधा बंद असतो, आणि तेथे वर्ष-दीड वर्ष घालवून ‘हा ग्राहक वाद नाही’ असे ऐकण्यापेक्षा पहिल्याच दिवशी दिवाणी मार्ग धरलेला बरा.

मध्ये एजंट असेल तर ‘ते एजंट बोलला, मी नाही’ असे मालक हमखास म्हणतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २३८ प्रमाणे मालकाच्या वतीने काम करताना एजंटने केलेले चुकीचे निवेदन किंवा कपट हे मालकाने स्वतः केल्यासारखेच धरले जाते, त्यामुळे हा बचाव टिकत नाही. उलट, एजंटने मालकाचे नाव शेवटपर्यंत उघड केले नसेल तर कलम २३० नुसार एजंट स्वतःच कराराने बांधला गेला असे गृहीत धरले जाते. म्हणून नोटिशीत दोघांचीही नावे घ्यावीत.

दोष कळल्यावर पहिले काही दिवस

गाडी चालवणे थांबवावे. ही सूचना गैरसोयीची आहे, पण दोष कळल्यानंतरही महिनोन्महिने गाडी वापरणारा खरेदीदार ‘मला हा व्यवहार मान्य नाही’ असे नंतर म्हणू लागला तर न्यायालयाला ते पटत नाही. मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वाजवी काळ उलटूनही माल नाकारल्याचे विक्रेत्याला न कळवता तो स्वतःकडे ठेवला, तर माल स्वीकारला असे समजले जाते. आणि कलम १३ नुसार एकदा माल स्वीकारला की अटीचा भंग झालेला असला तरी साधारणपणे फक्त भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. तेव्हा गाडी उभी करावी आणि त्या दिवसाचे किलोमीटर दिसतील असा मीटरचा फोटो काढून ठेवावा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला लेखी कळवावे. फोन जरूर करावा, पण फोननंतर व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलवर ‘आत्ता आपले बोलणे झाले त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोष, तो कधी लक्षात आला आणि आपली मागणी काय, हे चार ओळींत लिहावे. भाषा शांत ठेवावी. रागाच्या भरात पाठवलेले शिव्यांचे आणि धमक्यांचे संदेश पुढे आपल्याच विरुद्ध दाखल होतात, आणि वाद गाडीवरून घसरून भलतीकडे जातो. अशा संदेशाला विक्रेता पुष्कळदा भोळेपणाने उत्तर देतो, ‘हो, थोडा ठोकला होता, पण काम चांगले करून घेतले आहे’ असे लिहून जातो, आणि तेवढे एक वाक्य वकिलाच्या दहा पानांपेक्षा मोलाचे ठरते.

दुरुस्ती घाईने करून घेऊ नये. इंजिन उघडून नवे भाग टाकल्यावर आधी काय बिघडले होते, हे सिद्ध करणे कठीण होते. प्रथम गाडी त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन लेखी तपासणी अहवाल घ्यावा. शक्य असल्यास विक्रेत्याला तपासणीची तारीख, वेळ आणि जागा कळवून हजर राहण्यास सांगावे, म्हणजे ‘माझ्या पाठीमागे केले’ असे त्याला म्हणता येत नाही. अहवालात नुसते ‘इंजिन खराब’ असून भागत नाही. दोष किती जुना दिसतो, तो विक्रीपूर्वीचा असणार असे कशावरून वाटते आणि गाडी वापरणाऱ्याला तो जाणवल्याशिवाय राहिला असता का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात मागून घ्यावीत. खासगी मेकॅनिकवर विश्वास असला तरी कागदासाठी अधिकृत केंद्राला किंवा विमा सर्व्हेक्षकाला प्राधान्य द्यावे, कारण पुढे साक्षीसाठी त्यालाच उभे राहावे लागते.

मीटर मागे फिरवल्याचा संशय असेल तर सर्व्हिसच्या नोंदी काढाव्यात. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी जॉब कार्डवर किलोमीटर लिहिलेले असतात, आणि दोन वर्षांपूर्वी ८२,००० असलेले किलोमीटर विक्रीच्या दिवशी ५४,००० झाले असतील तर आणखी पुरावा फारसा लागत नाही. काही केंद्रे आधीच्या मालकाच्या नोंदी देण्यास नकार देतात. अशा वेळी निदान सर्व्हिसच्या तारखा तरी टिपून ठेवाव्यात, कारण दावा दाखल झाल्यावर न्यायालयामार्फत ती कागदपत्रे मागवता येतात. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत गालिच्याखालचा गाळ, सीटच्या रुळांवरचा गंज, वायरिंगच्या जोडांवरचा हिरवट थर आणि दिव्यांच्या आत साचलेले बाष्प यांचे फोटो काढावेत. मोठा अपघात झालेल्या गाडीत चेसिसवरचे नवे वेल्डिंग, दारांच्या आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा उडालेला रंग आणि दोन बाजूंच्या फटींतील फरक बोलका असतो.

मूळ जाहिरात, व्हॉट्सॲपवरील संवाद, विक्रेत्याने पाठवलेले व्हिडिओ आणि पैसे दिल्याच्या बँक नोंदी ज्या मोबाइलमध्ये आहेत तो मोबाइल बदलू किंवा फॉरमॅट करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र हाताळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. हे काम वकील करून घेतात, परंतु मूळ उपकरण हाती नसेल तर तेही अडतात.

कोणत्या दोषाबद्दल तक्रार टिकते

क्लच प्लेट झिजली, टायर संपत आले, बॅटरी मेली, एसीचा गॅस गेला, या वापराने येणाऱ्या झिजेबद्दल भांडण्यात अर्थ नाही. आठ-दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याने ते गृहीत धरलेलेच असते आणि किंमतही त्यामुळेच कमी असते. ‘गाडी लोण्यासारखी चालते’ किंवा ‘एकदम झकास आहे’ ही विधानेही मत म्हणून सोडून दिली जातात. ‘अपघात झालेला नाही’, ‘पहिला मालक मीच’, ‘५४,००० किलोमीटर खरे आहेत’, ‘इंजिन कधी उघडलेले नाही’ ही मात्र वस्तुस्थितीची विधाने आहेत. ती खरी किंवा खोटी ठरवता येतात, आणि तक्रार त्यांच्यावरच उभी करावी.

विक्रेत्याला खोटे असल्याचे माहीत असूनही तो असे विधान करत असेल, किंवा दोष झाकण्यासाठी त्याने काही केले असेल, तर करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ते कपट होते. मीटर फिरवणे, धूर दिसू नये म्हणून जाड ऑइल भरणे, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा इशारा-दिवा काढून टाकणे, गंजावर पुट्टी मारून रंग देणे, हे सगळे झाकण्याचे प्रकार आहेत. त्याला स्वतःलाच खरे वाटत असेल, पण तसे छातीठोकपणे सांगण्याइतकी माहिती त्याच्याकडे नसेल, तर कलम १८ मधील चुकीचे निवेदन होते. गाडीचा दुसरा मालक ‘हिला कधीच धक्का लागलेला नाही’ असे पहिल्या मालकाच्या काळाबद्दलही सांगतो, तेव्हा बहुधा हाच प्रकार असतो. दोन्ही बाबतींत कलम १९ नुसार खरेदीदाराला करार रद्द करण्याचा पर्याय मिळतो.

गप्प राहिलेल्या विक्रेत्याचे काय, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कायद्याने यासाठी दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. गाड्यांचा जमाना यायच्या आधीचा हा कायदा असल्यामुळे ते साहजिक आहे, आणि आजच्या गाडीलाही ते तंतोतंत बसते. लिलावात घोडा विकताना तो रोगट आहे हे माहीत असूनही मालक काही बोलला नाही, तर ते कपट नाही. मात्र खरेदीदार म्हणाला की, ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निरोगी आहे असे मी समजेन’, आणि त्यावर मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच ठरते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याने व्यवहारापूर्वी नेमके प्रश्न लेखी विचारले त्याची बाजू भक्कम असते आणि ज्याने काहीच विचारले नाही त्याची लंगडी. आपले जुने संदेश चाळताना आपण ‘अपघात वगैरे काही नाही ना?’ असे कोठे विचारले होते का, हे आवर्जून शोधावे. त्याखाली नुसता अंगठा आलेला असला तरी तो उपयोगाचा आहे.

विक्रेत्याचा नेहमीचा बचाव असतो, ‘गाडी बघून, चालवून, मेकॅनिक आणून घेतली, आता काय तक्रार?’ कलम १९ मध्ये असा अपवाद खरोखरच आहे: साधारण काळजी घेतली असती तर सत्य कळले असते अशा स्थितीत करार रद्द करता येत नाही. पण हा अपवाद चुकीच्या निवेदनाला आणि मौनातून झालेल्या कपटाला लागू आहे. धडधडीत खोटे बोलून किंवा दोष झाकून केलेल्या कपटाला नाही. बाजू मांडताना हा फरक विसरू नये, कारण समोरचा वकील तो विसरल्यासारखे करतो. तथापि, त्या खोट्या विधानामुळेच आपण व्यवहाराला तयार झालो, हे दाखवावे लागते. विधानाकडे दुर्लक्ष करून निव्वळ स्वतःच्या मेकॅनिकच्या भरवशावर गाडी घेतली असेल तर बाजू कमकुवत होते.

‘गाडी आहे त्या स्थितीत विकली, नंतर तक्रार चालणार नाही’ असे वाक्य बहुतेक विक्री करारांत असते. मालविक्री कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे गर्भित अटी कराराने वगळता येतात, त्यामुळे साध्या दोषांबाबत हे वाक्य विक्रेत्याला वाचवू शकते. कपटाला मात्र अशा वाक्याचे संरक्षण मिळत नाही. ते वाचूनच अनेक जण हातपाय गाळतात, तसे करू नये.

वर्णनाप्रमाणे गाडी नसणे ही वेगळी बाब आहे. जाहिरातीत २०१९ चे टॉप मॉडेल लिहिले आणि निघाले २०१७ चे खालचे मॉडेल, किंवा ‘कंपनी फिटेड सीएनजी’ सांगितले आणि किट बाहेर बसवलेले व आरसीवर न चढवलेले निघाले, तर वर्णनावर विसंबून झालेल्या विक्रीत कलम १५ ची गर्भित अट मोडते. ही अट खासगी विक्रेत्यालाही लागू आहे, आणि तिच्यासाठी त्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावे लागत नाही.

मालकीतील दोष सर्वांत गंभीर. गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा निघाला, गाडी चोरीची निघाली, चेसिस किंवा इंजिन क्रमांक कागदाशी जुळला नाही, तर कलम १४ खाली विक्रेत्याची जबाबदारी सरळ येते: विकण्याचा अधिकार असणे ही अट आणि गाडी बोजामुक्त असणे ही हमी कायद्यानेच प्रत्येक विक्रीत घातलेली आहे. परिवहन सेवा पोर्टलवर बोजाची नोंद दिसते, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन एनओसी सेवेवर गाडी पोलिसांच्या चोरीच्या नोंदीत आहे का हे पाहता येते. गाडी चोरीची असल्याचे कळताच स्वतःहून पोलिसांना कळवावे. पैसे गुंतले म्हणून ती दडवून ठेवणारा किंवा घाईने पुढे विकणारा खरेदीदार चोरीचा माल बाळगल्याच्या आरोपात स्वतःच अडकतो. गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होईल आणि बहुधा मूळ मालकाकडे जाईल; आपला हक्क उरतो तो विक्रेत्याकडून पूर्ण किंमत वसूल करण्याचा.

गाडी परत द्यावी की भरपाई घ्यावी

हे नोटीस पाठवण्यापूर्वीच ठरवावे. करार रद्द करायचा असेल तर करार कायद्याच्या कलम ६४ नुसार आपल्याला मिळालेला लाभ, म्हणजे गाडी, परत द्यावी लागते आणि किंमत परत मिळते. रास्तपणे करार रद्द करणाऱ्याला कलम ७५ खाली झालेल्या नुकसानीचीही भरपाई मागता येते. गाडी ठेवायची असेल तर भरपाईची मागणी करावी. सांगितल्याप्रमाणे असती तर गाडीची किंमत काय झाली असती आणि प्रत्यक्षात ती किती आहे, यांतील फरक हा भरपाईचा मुख्य भाग. त्यात तपासणीचा आणि टोइंगचा खर्च जोडता येतो. समजा, चार लाखांना घेतलेली गाडी मोठ्या अपघातातील असल्यामुळे अडीच लाखांचीच ठरली, तर मागणी दीड लाख अधिक खर्च अशी होईल. मनस्तापाचे पाच लाख जोडण्याचा मोह आवरावा. कलम ७३ दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देत नाही, आणि फुगवलेला आकडा खऱ्या आकड्यावरचा विश्वासही घालवतो. याच कलमानुसार नुकसान वाढू न देण्यासाठी आपण काय केले, हेही पाहिले जाते.

किमतीतील काही रक्कम द्यायची राहिली असेल तर ती देण्याआधी थांबावे. हमीचा भंग झाल्यास मालविक्री कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे तेवढी रक्कम किमतीतून वळती करण्याची मागणी करता येते.

माझ्या मते खोटेपणा मोठा असेल तर गाडी परत देण्याचाच आग्रह धरावा. पुरात बुडालेली किंवा चेसिस वाकलेली गाडी भरपाई घेऊन ठेवणारा माणूस पुढची तीन वर्षे गॅरेजच्या फेऱ्या मारतो. आणि नुकसान वीस-पंचवीस हजारांच्या आतले असेल तर दाव्याच्या भानगडीत न पडता नोटीस आणि तडजोड एवढ्यावरच समाधान मानावे. हे कायद्याचे मत नाही, हिशोबाचे आहे.

नोटीस आणि तडजोड

खासगी व्यक्तीविरुद्ध दिवाणी दाव्यापूर्वी नोटीस देणे सक्तीचे नाही, पण ती न देणे शहाणपणाचे नाही. नोटिशीत व्यवहाराची तारीख, गाडीचा क्रमांक, किंमत आणि ती कशी दिली, विक्रेत्याची नेमकी विधाने जशीच्या तशी, तपासणीत आढळलेले सत्य, आपण करार रद्द करत आहोत किंवा अमुक भरपाई मागत आहोत हे स्पष्ट वाक्य, गाडी कोठे उभी आहे व ती परत देण्यास आपण तयार आहोत, आणि पंधरा दिवसांसारखी ठरावीक मुदत, एवढे यावे. ती पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आरसीवरच्या आणि प्रत्यक्ष राहत्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवावी. विक्रेत्याने नोटीस घेण्यास नकार दिला तरी बिघडत नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोहोचली असे गृहीत धरता येते, म्हणून ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारलेला लिफाफा न फोडता तसाच जपून ठेवावा.

नोटीस गेल्यावर पुष्कळ विक्रेते नरमतात. तडजोडीची बोलणी सुरू झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करावा. लोकन्यायालयात झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि तिच्यावर अपील होत नाही, त्यामुळे घरच्या बैठकीतल्या कागदापेक्षा ती कितीतरी पक्की. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना याच प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो. मात्र विक्रेता आलाच नाही, तर तेथे कोणी त्याच्यावर सक्ती करू शकत नाही.

विक्रेत्याने परताव्याचा धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली वेगळा मार्ग उघडतो. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात तक्रार, या मुदती काटेकोर आहेत.

दिवाणी दावा

विक्रेता जेथे राहतो तेथील, किंवा व्यवहार, पैसे अथवा गाडीचा ताबा जेथे झाला तेथील दिवाणी न्यायालयात दावा दाखल करता येतो. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. कपट असेल तर ते उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर उघडकीस आले असते तेव्हापासून ती मोजली जाते. दाव्यात करार रद्द करून किंमत परत मिळावी ही मुख्य मागणी आणि ती मान्य न झाल्यास भरपाई मिळावी ही पर्यायी मागणी, अशा दोन्ही एकाच वेळी कराव्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ प्रमाणे त्याच कारणावरून मागता येणारी दाद वगळली तर नंतर तिच्यासाठी वेगळा दावा करणे अवघड होते. गाडीच्या स्थितीवर वाद असेल तर आदेश २६ खाली न्यायालयाने आयुक्त नेमून पाहणी करावी, असा अर्ज लवकर द्यावा. उभी राहून राहून गाडी बिघडली, असे विक्रेत्याने म्हणण्याआधी तो दिलेला बरा.

दाव्याला वेळ लागतो, आणि हुकूमनामा म्हणजे हातात पैसे नव्हेत. बजावणीसाठी बारा वर्षे असली तरी विक्रेत्याचे बँक खाते, नोकरी किंवा मालमत्ता यांची माहिती नसेल तर ती वर्षे नुसती निघून जातात. ज्या खात्यावर आपण पैसे पाठवले त्याचा तपशील म्हणूनच जपावा.

पोलिसांकडे केव्हा जावे

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणूक करून मालमत्ता देण्यास भाग पाडण्याच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कारावास आहे. परंतु व्यवहाराच्या वेळीच फसवण्याचा हेतू होता, हे दिसले पाहिजे. दिवाणी वादाला फौजदारी रूप देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. फिरवलेला मीटर, बनावट आरसी, खोडलेला चेसिस क्रमांक, बोजा उतरल्याचे खोटे पत्र, दुसऱ्याच्या नावाने केलेला व्यवहार, अशा गोष्टी असतील तर तक्रार जरूर द्यावी. नुसते इंजिन बसले म्हणून ठाण्यात गेल्यास ‘दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर बहुधा बरोबर असते. गुन्हा दिसत असूनही नोंद होत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करावा. फौजदारी प्रकरणात विक्रेत्याला शिक्षा होऊ शकते, पण पैसे परत मिळतीलच असे नाही. म्हणून दिवाणी मुदत फौजदारीच्या भरवशावर सोडू नये.

आरसी, विमा आणि गाडी परत देताना

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यातील विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत हस्तांतरणाची सूचना द्यायची आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वापरतात. दोष कळला तेव्हा आरसी अजून विक्रेत्याच्याच नावावर असेल आणि आपल्याला गाडी परत द्यायची असेल, तर नाव चढवण्याची घाई करू नये आणि कारण नोटिशीत लिहावे. विक्रेत्यालाही हे लांबणे परवडणारे नसते, कारण अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पण या काळात गाडी रस्त्यावर आणू नये. विमा नावावर करून घेतलेला नसताना अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारण्याची शक्यता असते.

तडजोडीत गाडी परत द्यायचे ठरले तर पैसे खात्यावर जमा झाल्याखेरीज किल्ली देऊ नये. आरसी आपल्या नावावर झालेली असल्यास उलट हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच बैठकीत भरून सह्या घ्याव्यात आणि परिवहन कार्यालयाला सूचना आपणच ऑनलाइन द्यावी, विक्रेत्यावर सोडू नये. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरवरील किलोमीटर लिहावेत, त्या क्षणापर्यंतचे ई-चलन कोणाकडे याची एक ओळ घालावी आणि फास्टॅग आपल्या खात्याला जोडलेला असेल तर तो तेथेच बंद करावा.